पोटखराबा

गेल्या सप्टेंबरात, गौरी-गणपतीची गडबड ओसरल्यावर, महाविद्यालयाच्या फलकावर एक सूचना लागली. भूगोल विभागातर्फे मसाई पठारावर निसर्गभ्रमंती. वर्गणी प्रत्येकी दीडशे रुपये, दुपारचा डबा ज्याचा त्याने आणावा. खाली ठळक अक्षरांत लिहिले होते : 'वाट सपाट व सोपी आहे. सर्वांना जमेल.' ती सूचना वाचून मला हसू आले. त्या पठाराच्या कडेखालीच आमची वाडी आहे. सातवीत जाईपर्यंत सुट्टीच्या दिवशी मी आजीबरोबर तिथे म्हशी राखल्या आहेत. वाट सोपी आहे हे खरेच. आमच्या म्हशींना ती रोज जमते.

शनिवारी घरी गेल्यावर आबांना सांगितले, तर ते म्हणाले, "मसाईवर जायाला दीडशे रुपयं? म्हशी घिऊन गेलीस तर फुकाट जाशील की." पैसे मात्र त्यांनी दिले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. कॉलेजात जे जे म्हणून सांगतात ते सगळे शिक्षणच असणार, अशी आबांची समजूत आहे, आणि ती मोडण्याचा धीर मला अजून झालेला नाही.

आम्ही पस्तीस जण होतो. पन्हाळ्यापर्यंत एस.टी.ने, तिथून म्हाळुंग्याच्या बाजूने वर. ज्यांनी मसाई पठार पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते. पन्हाळ्याच्या पश्चिमेला हा एक भला थोरला सपाट सडा आहे. झाड जवळजवळ नाहीच. वर मसाई देवीचे देऊळ. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज विशाळगडाकडे गेले ती वाट याच पठारावरून जाते असे मानतात. म्हणून दर जुलैमध्ये शेकडो लोक पन्हाळा ते पावनखिंड चालत जातात. पण ते येतात तेव्हा धुके आणि पाऊस एवढा असतो की पुढच्या माणसाच्या पाठीपलीकडे काही दिसत नाही. पठार खऱ्या अर्थाने दिसते ते भाद्रपदात, पाऊस उघडीप देऊ लागला की.

पठाराचे एका वाक्यात वर्णन करायचे तर चार महिने ते तळे असते आणि आठ महिने तवा. भूगोलाच्या सरांनी आम्हाला एका कडेला उभे करून कारण सांगितले. खाली सगळा सह्याद्रीचा काळा खडक, आणि त्याच्या माथ्यावर जांभ्या दगडाचे टोपण. त्या जांभ्याचे वरचे कवच टणक. त्यावर माती असलीच तर दोन बोटे, आणि तीही कसदार नाही. धो धो पावसाने तिच्यातला कस धुऊन नेलेला. पाणी पटकन मुरत नाही, वाहून जायला उतार नाही. म्हणून जिथे खळगा तिथे डबके, जिथे डबके नाही तिथे नुसते पाझरणारे, पायाखाली चुबुक चुबुक वाजणारे ओले गवत. हेच पाणी पुढे जांभ्याच्या फटींतून हळूहळू खाली उतरते आणि पायथ्याला झरे होऊन निघते. पठाराच्या एका अंगाचे पाणी कासारीला मिळते, दुसऱ्या अंगाचे वारणेला. सरांनी हे सांगितले तेव्हा मला आमच्या वाडीवरचा झरा आठवला. लग्न होऊन आली तेव्हापासून आजी त्याचे पाणी भरते आहे. ते पाणी कुठून येते हे तिला विचारण्याचे मला कधी सुचले नव्हते. घरी गेल्यावर विचारले. ती म्हणाली, "मसाई देती." मला वाटते, सरांचे आणि आजीचे उत्तर एकच आहे.

वनस्पतिशास्त्राच्या मॅडमही आमच्याबरोबर होत्या. त्या एकेक फूल दाखवून शास्त्रीय नाव सांगत, आणि मग मराठी नाव. शास्त्रीय नावे माझ्या लक्षात राहिली नाहीत. मराठी नावांपैकी निम्मी मला आधीच ठाऊक होती. पांढऱ्या मण्यांसारखा गेंद, निळी आभाळी, पिवळी सोनकी, कवला, आणि गौरीच्या सणाला आपल्याकडे जो घरोघर आणतात तो तेरडा. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण आपण सर्वांनी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली आहे. पण वर्षातले सगळे जगणे तीन महिन्यांत उरकायचे, बी टाकायचे आणि वाळून जायचे, हा तेरड्याचा व्यवहार किती हुशारीचा आहे, हे मला पठारावर उभे राहिल्यावर कळले. रंग तीन दिवस, पण बी पुढच्या पावसापर्यंत टिकते. म्हण करणाराने अर्धेच पाहिले!

एका ओल्या जागी मॅडम खाली बसल्या आणि आम्हालाही बसवले. बोटभर उंचीचे, नाजूक, जांभळ्या-निळ्या फुलांचे गालिचेच होते तिथे. त्याला सीतेची आसवे म्हणतात. हे मला आजीने सांगितले होते. वनवासात सीतामाई इथे रडली, तिची टिपे पडली तिथे ही फुले आली. मॅडम म्हणाल्या की हे झाड किडे खाते. मातीत कस नाही, म्हणून लागणारा नत्र ते किड्यांपासून मिळवते. त्याच्या मुळाच्या जागी पाण्यात बारीक बारीक पिशव्या असतात, त्यांना झडप असते. पाण्यातला सूक्ष्म जीव झडपेच्या केसाला लागला की पिशवी त्याला एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात आत ओढून घेते. शेजारीच लालसर दवबिंदू होते. त्यांच्या पानांवरच्या केसांना चिकट थेंब असतात, किडा दव समजून बसतो आणि अडकतो.

मी हे घरी आजीला सांगितले. मला वाटले, सीतेची आसवे किडे खातात म्हटल्यावर तिला वाईट वाटेल. ती भाकरी थापत होती. न थांबता म्हणाली, "मग वनवासात काय खाईल बिचारी?"

आता थोडे कायद्याचे. इराणमधल्या रामसर या गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांविषयी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८२ साली सामील झाला. त्या करारात पाणथळ जागेची व्याख्या करताना 'कायमची वा तात्पुरती' असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे वर्षभर पाणी असलेच पाहिजे अशी अट नाही. आपल्या राज्यात नांदूर मध्यमेश्वरला २०१९ साली, लोणारला २०२० साली आणि ठाण्याच्या खाडीला २०२२ साली रामसर यादीत स्थान मिळाले. या मोठ्या, नावाजलेल्या जागा. पण देशातल्या २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतही 'तात्पुरती' हा शब्द आहेच. त्याच नियमांतून भातशेती मात्र वगळली आहे. एका अर्थी बरेच झाले, नाहीतर आबांना भात लावायला परवानगी काढावी लागली असती. पण आमच्या खाचरांत जे खेकडे, बेडूक आणि बगळे पावसाळाभर नांदतात, त्यांना हा फरक कुणी समजावून सांगितला असेल असे वाटत नाही.

तात्पुरत्या पाण्याची आपल्याला किंमत नाही, हे पाहायला पठारावर जायला नको. आपले कोल्हापूर एके काळी तळ्यांचे गाव होते. कपिलतीर्थाच्या जागी आज मंडई आहे. वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान आहे. जोराचा पाऊस झाला की त्या मैदानात पाणी साचते आणि खेळणारी मुले ओरडतात. वर्तमानपत्रात फोटो येतो, 'मैदानाचे तळे झाले.' वास्तविक तळ्याचे मैदान झाले होते. पाणी फक्त आपल्या जुन्या घरी चक्कर टाकून जाते.

तात्पुरते पाणी असण्याचे फायदेही असतात, हे मला त्या दिवशी नव्याने कळले. वर्षभर भरलेल्या तळ्यात मासे असतात, आणि मासे बेडकांची अंडी आणि पिल्ले खातात. पठारावरची डबकी दर उन्हाळ्यात कोरडी ठाक पडतात, म्हणून तिथे मासे टिकत नाहीत, म्हणून बेडकांची पिल्ले वाचतात. काही बारीक कोळंबीसारख्या जीवांची अंडी तर वाळलेल्या चिखलात महिनोन्महिने पडून राहतात आणि पुढच्या पावसात फुटतात. म्हणजे कोरडे पडणे हा त्या डबक्याचा दोष नाही. त्यावरच तिथला सारा संसार उभा आहे. कोणी उद्या दया येऊन तिथे तळे खोदले आणि बारमाही पाणी केले, तर ते या संसाराच्या मुळावरच येईल.

येथे मला त्या शब्दाकडे यायचे आहे, जो मी मथळ्यात घातला आहे. बी.ए. भाग एकला प्रवेश घेताना उत्पन्नाचा दाखला काढायचा होता. आबांनी सातबारा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "वाच बघू काय लिवलंय." आयुष्यभर ज्या कागदावर त्यांचे नाव आहे, तो त्यांनी कधी वाचलेला नव्हता. मी वाचत गेले. लागवडीचे क्षेत्र एवढे, आणि त्याखाली पोटखराबा एवढा. आजी ऐकत होती. तिने विचारले, "कुणाचं पोट खराब गं?" आम्ही सगळे हसलो. मग मी सांगितले की आपल्या जमिनीचा वरचा, पठाराला लागून असलेला जो तुकडा आहे, जिथे काही पिकत नाही, त्याला सरकार पोटखराबा म्हणते. आजीचे हसणे थांबले. ती म्हणाली, "पिकत न्हाई कसं? गवत कोण देतंय मग?"

जे नांगराखाली येत नाही ते खराब, ही महसुलाची भाषा आहे. सारा कशावर बसवायचा आणि कशावर नाही, एवढेच ठरवण्यासाठी ती केली गेली आणि त्या कामापुरती ती बरोबरही असेल. पण ती कागदावरून आपल्या डोक्यात शिरली. सडा म्हटले की पडीक, पडीक म्हटले की मोकळा, मोकळा म्हटले की कोणीही यावे आणि काहीही करावे. आपल्याच जिल्ह्यात कितीतरी सड्यांवर बॉक्साईटच्या खाणी झाल्या. तिथे कुणाचे पीक बुडाले नाही, म्हणून फारसे कुणी बोललेही नाही. मसाई पठाराला अलीकडे संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण कागदावरचा नवा शब्द जुन्या शब्दाला लगेच पुसतो असे नाही.

भ्रमंतीच्या दिवशी मला याचा प्रत्यय आला, आणि तो दुसऱ्या कुणाच्या वागण्यातून आला नाही. आमच्यातलीच काही मुले फोटोसाठी सीतेच्या आसवांच्या मधोमध जाऊन उड्या मारत होती. मी काही बोलले नाही. मला ठाऊक होते की उघड्या खडकावरून पाय टाकत गेले तर ओल्या जागी पायच द्यावा लागत नाही. आजी तशीच चालते. मी हे सांगितले असते तर 'तुला कसे माहीत?' असे कुणी विचारले असते, आणि मग म्हशींचा विषय निघाला असता. घरी आम्ही मुली 'मी जातो, मी येतो' म्हणतो. कॉलेजात मी गेले वर्षभर 'मी जाते, मी येते' असे कष्टाने बोलायला शिकले. ते सगळे एका क्षणात वाया जाईल असे मला वाटले. परतीच्या वाटेवर एक जण म्हणाले की या खेड्यातल्या लोकांत जनजागृती केली पाहिजे. मी तेव्हाही गप्पच होते. मला म्हणायचे होते की गेंद, आभाळी, सीतेची आसवे ही नावे काही विद्यापीठात ठेवलेली नाहीत. पण हेही खरे की आमचेच लोक उन्हाळ्यात पठारावरचे गवत पेटवतात. नवे गवत चांगले येते असे म्हणतात. त्या आगीत बियांचे काय होत असेल याचा विचार करत नाहीत. तेव्हा जागृती दोन्हीकडे हवी, मात्र ती कुणी कुणाची करायची हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही.

आता खरी अडचण. पठारावर सगळीकडे चाकांच्या खुणा आहेत. दोन बोटांच्या मातीवरून ओल्यात गाडी गेली की चाकोरी पडते. पुढच्या पावसात तिचा ओहोळ होतो. ज्या खळग्यात पाणी थांबायचे ते त्या ओहोळातून कडेवरून खाली जाते. लहानपणी आमच्या म्हशी ज्या डबक्यात दसऱ्यापर्यंत लोळायच्या, त्याच्या बरोबर मधून अशी एक चाकोरी गेली आहे. यंदा सप्टेंबरातच त्यात नुसता चिखल होता. ती चाकोरी पाडणाऱ्या गाड्यांत माझ्या थोरल्या भावाची गाडी आहे.

दादाने बँकेचे कर्ज काढून जुनी जीप घेतली. पावसाळ्यातल्या शनिवारी-रविवारी तो पन्हाळ्यावर आलेल्या लोकांना पठारावर फिरवतो. त्यांना गाडीतून न उतरता फुले पाहायची असतात. माझी वसतिगृहाची खानावळ त्याच पैशातून चालते. तेव्हा पठारावर गाडी जाऊ नये असे जे माझे मत आहे, ते मत बनण्याइतके शिक्षण मी गाडीच्याच पैशावर घेतले आहे. हे मी लपवू इच्छित नाही.

मी दादाशी बोलले. तो रागावला नाही, पण म्हणाला, "फुलं बघून हप्ता फिटतोय व्हय?" मग थोड्या वेळाने म्हणाला, "आणि म्या थांबलो तर पल्याडच्या वाडीचा जाईल. शीट त्येची हुईल. डबकं वाचणार न्हाईच."

या दुसऱ्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला. त्याचे म्हणणे खोटे नाही. एकट्याने चांगले वागायचे तर त्याची किंमत एकट्यानेच द्यायची, आणि डबके जायचे ते जातेच. म्हणून हा एकेकाच्या सदसद्विवेकबुद्धीचा प्रश्न नाही. तो सगळ्या वाड्यांनी मिळून ठरवण्याचा प्रश्न आहे. सातारा जिल्ह्यातल्या कास पठारावर भोवतालच्या गावांच्या समित्या मिळून व्यवस्था पाहतात. हंगामात दिवसाला ठरावीक माणसांनाच सोडतात, गाड्या लांब थांबतात, प्रवेशशुल्क असते. तिथे सगळे छान आहे असे माझे म्हणणे नाही. मध्यंतरी तिथे कुंपण घातले, गुरे बंद झाली, आणि त्याने फुलांचे भले झाले की नुकसान यावर बराच वाद झाला. गुरांना बंदी घालून माणसांना तिकीट काढून सोडायचे, हे माझ्या आजीला कधीच पटणार नाही, आणि मलाही नाही. गुरे चरून उंच गवत आटोक्यात ठेवतात, म्हणून बोटभर उंचीच्या फुलांना ऊन मिळते, असे म्हणणारे जाणकारही आहेत.

माझे म्हणणे इतकेच की मसाईवर गाडी कडेशी थांबावी आणि पुढे माणसाने चालावे. वाट सपाट व सोपी आहे. फलकावर लिहिलेच होते. पन्हाळ्यापासून कडेपर्यंतचे भाडे दादाला मिळेलच. पुढे वाटाड्या म्हणून वाडीतल्या पोरापोरींनी चालावे आणि त्याचे पैसे घ्यावेत. कुठल्या खडकावर पाय द्यायचा आणि कुठल्या नाही हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक आहे? संवर्धन राखीव क्षेत्राची तरतूद २००२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात आली. तिच्यात व्यवस्थापन समितीवर ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असावा असे आहे. तो प्रतिनिधी तिथे काय बोलणार हे आधी गावात ठरले पाहिजे.

पुराचा उल्लेख केल्याशिवाय कोल्हापुरात पाण्यावर लेख होत नाही. कासारी जिथे भोगावतीला मिळते त्या प्रयाग चिखलीने २०१९ आणि २०२१ साली काय भोगले ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट; दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. मसाईवरची डबकी वाचवली तर पूर येणार नाही असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे पोरकटपणाचे होईल. पण वरच्या अंगाला पाणी अडवून धरणारी जी जी जागा आहे ती आपण खराब म्हणून मोडीत काढायची, आणि खालच्या अंगाला पाण्याची पातळी मोजत रात्र जागवायची, यात मला काहीतरी उलटे वाटते.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी हा विषय काढला. सभेला बायका मागे बसतात. मी मागूनच बोलले. दोघे-तिघे हसले. एका म्हाताऱ्या काकांनी त्या डबक्याचे जुने नाव घेतले, जे मला ठाऊक नव्हते, आणि म्हणाले की पूर्वी तिथे दिवाळीपर्यंत पाणी असायचे. सरपंचांनी विषय पुढच्या सभेवर ठेवला. २६ जानेवारीला वेळ पुरला नाही. आता १ मेच्या सभेत तो घेऊ असे सांगितले आहे. दादा म्हणतो, "येतो मी, पण बोलायचं तूच." त्याचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला असतो.